दोनशे रुपयांचा फ्रीज थर्मामीटर आणि सासूबाईंचं नाक

वस्तू एवढुशी आहे की मी रिव्ह्यू लिहायला बसले तेव्हा नवरा हसला. काडेपेटीपेक्षा जरा मोठी काळी डबी, वर छोटीशी स्क्रीन, मागून मीटरभर वायर निघते आणि वायरच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा धातूचा सेन्सर. आत दोन बटन सेल. बास. मला १९९ ला पडला, त्यात डिलिव्हरी फ्री. कंपनीचं नाव सांगत नाही कारण सांगून उपयोग नाही, हीच डबी ऑनलाइन दहा-बारा नावांनी मिळते आणि फोटो सगळीकडे तोच असतो. फ्रीज थर्मामीटर म्हणून शोधा, पहिल्या पानावरच सापडेल.

हे घ्यायची वेळ का आली ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल दोनशे रुपयांच्या वस्तूवर एवढं पुराण कशाला.

मागच्या एप्रिलात सासऱ्यांची पंच्याहत्तरी घरीच केली. पस्तीस माणसं. पोळी-भाजी, मसालेभात, भजी वगैरे केटररकडून, आणि बासुंदी मात्र मी करणार असं मीच मोठ्या तोंडाने सांगून बसलेले, कारण सासऱ्यांना विकतची चालत नाही, ते मूळचे सांगलीकडचे, नरसोबाच्या वाडीची बासुंदी खाऊन वाढलेले, पुण्यातली कुठलीही बासुंदी त्यांच्या मते कॉर्नफ्लोअरची खीर असते. तर आठ लिटर म्हशीचं दूध आदल्या दिवशी संध्याकाळपासून आटवायला घेतलं, रात्री साडेअकराला गॅस बंद केला, वेलची-जायफळ घातलं, चारोळी-पिस्ते हातानेच भुरभुरले, आणि पातेलं झाकून ओट्यावर ठेवून झोपले. गरम वस्तू फ्रीजमध्ये ठेवायची नाही हे लहानपणापासून ऐकलेलं. सकाळी सातला उठल्यावर फ्रीजमध्ये ढकललं, तेव्हाही भांडं कोमट होतं. दुपारी एकला पंगत बसली, बासुंदीचं काय कौतुक झालं म्हणून सांगू, एक मावससासरे तर वाटी तोंडाला लावून प्यायले.

पाचच्या सुमाराला पहिल्या दोघांना उलट्या सुरू झाल्या. रात्री आठपर्यंत सात जण.

आधी सगळ्यांनी केटररला धरलं, भज्यांचं तेल, नाहीतर काकडीची कोशिंबीर. मीही त्यात जोरात सामील. पण मग नवऱ्याने फोनाफोनी करून हिशोब काढला तेव्हा माझा चेहरा उतरला, कारण आजारी पडलेले सातही जण बासुंदी दोनदा-तीनदा घेणारे होते आणि डायबेटिस असलेले एक काका, ज्यांनी भजी अकरा खाल्ली (मी मोजली नव्हती, काकूंनी मोजली होती) पण बासुंदीला हात लावला नाही, ते ठणठणीत. सगळे दोन दिवसांत बरे झाले, एका आत्यांना सलाइन लागलं. पण मला ते अजून लागून राहिलंय.

फॅमिली डॉक्टरांनी जे सांगितलं ते असं, की बासुंदी उकळली तेव्हा बहुतेक जंतू मेले हे खरं, पण काही जंतूंची बीजं उकळूनही टिकतात आणि काही जंतू नंतर आपल्याच हातातून येतात. माझ्या बोटाला त्या दिवशी किसणी लागली होती, वर पट्टी, आणि त्याच हाताने मी चारोळी घातली. हातावर, नाकात, जखमेत जो स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू असतो तो कोमट गोड दुधात मजेत वाढतो आणि वाढताना विष सोडतो. जंतू परत उकळून मरतात, विष मात्र उकळून जात नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या विषाला ना वास ना चव. त्या दिवशी ती बासुंदी सासूबाईंनी स्वतः हुंगून, चाखून पास केली होती. सासूबाईंचं नाक म्हणजे आमच्या घरातलं सुप्रीम कोर्ट. दूध फाटणार आहे हे त्यांना तापवायच्या आधी कळतं. पण नाकाला आंबलेलं कळतं, नासलेलं कळतं, हे असलं विष कळत नाही. डॉक्टरांचं हे वाक्य मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं तेव्हा त्या दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होत्या.

तर थर्मामीटर. आला त्या दिवशी आधी त्यालाच तपासलं. हे कुणीही करू शकतं, एका ग्लासात बर्फाचा चुरा गच्च भरायचा, वरून थोडंसं पाणी, ढवळून पाच मिनिटं ठेवायचं आणि सेन्सर मधोमध धरायचा, काचेला टेकवायचा नाही. बर्फ-पाण्याचं मिश्रण शून्य डिग्रीच असतं, त्यामुळे तुमचा थर्मामीटर किती थापा मारतो ते लगेच कळतं. माझा ०.६ दाखवत होता. दोनशे रुपयांत एवढं चालतं, मनातल्या मनात अर्धा डिग्री वजा करायचा. मैत्रिणीने माझं बघून मागवला तिचा २.८ दाखवत होता, तिने परत पाठवला, दुसरा आला तो बरोबर निघाला. म्हणजे आल्या आल्या बर्फाची टेस्ट करा आणि रिटर्नची तारीख जाऊ देऊ नका.

मग सेन्सर फ्रीजमध्ये. इथे एक चूक मी पहिले दोन दिवस केली, सेन्सर नुसता कप्प्यात लटकवला. त्यामुळे दार उघडलं की आकडा टणकन वर, बंद केलं की खाली, त्यातून काही बोध होत नाही कारण तो हवा मोजतो. सेन्सर पाण्याच्या छोट्या वाटीत बुडवून ठेवायचा, मग तो साधारण तुमच्या बासुंदीला काय वाटतंय ते सांगतो.

आता आकडा ऐका. आमचा डबल डोअर फ्रीज, नऊ वर्षं जुना, एकदम थंड वाटणारा, पाण्याच्या बाटल्या गारेगार. मधल्या कप्प्यात ९.८. दाराच्या कप्प्यात, जिथे आम्ही इमानेइतबारे दुधाच्या पिशव्या ठेवायचो, १२.५. एप्रिलच्या दुपारी पाहुणे आलेले, मुलं दर पाच मिनिटांनी दार उघडून उभी, तेव्हा मधला कप्पासुद्धा १३ ला गेलेला. पाहिजे किती? पाच किंवा त्याच्या खाली. एफएसएसएआयचंही (खाण्यापिण्याच्या सुरक्षिततेचे नियम करणारी सरकारी संस्था) म्हणणं तेच आहे, थंड पदार्थ ५ डिग्रीच्या आत आणि गरम पदार्थ ६० च्या वर, मधला जो पट्टा आहे त्यात जंतूंची दिवाळी. म्हणजे मी नऊ वर्षं दुधातुपाचं सगळं त्या पट्ट्यातच ठेवत होते आणि वर फ्रीजमध्ये आहे ना, मग काळजी नाही, असं म्हणत होते.

कारणं तीन निघाली. पहिलं, आतला नॉब दोनवर होता. लाइट बिलासाठी सासऱ्यांनी कधीतरी ठेवलेला. बऱ्याच लोकांना वाटतं नॉबवरचा आकडा म्हणजे डिग्री, म्हणजे दोन म्हणजे खूप थंड. तसं नसतं हो, साधारणपणे आकडा जेवढा मोठा तेवढा फ्रीज जास्त थंड करतो. दुसरं, दाराचं रबर सैल. नोट दारात अडकवून दार बंद करायचं आणि नोट ओढायची, अलगद निघाली तर रबर गेलंय. आमची दहाची नोट लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. रबर बदलायला मेकॅनिकने साडेआठशे घेतले. तिसरं, फ्रीज एवढा ठासून भरलेला की हवा फिरायला जागाच नाही, मागच्या जाळीसमोर दिवाळीपासूनचा अनारशाच्या पिठाचा डबा. नॉब चारवर केला, रबर बदललं, आवराआवर केली आणि पूर्ण एक दिवस थांबले, कारण फ्रीजला बदल दाखवायला वेळ लागतो, दर तासाला नॉब फिरवत बसलात तर वेड लागेल. दुसऱ्या दिवशी मधला कप्पा ४.४. दार अजूनही ७-८ च असतं, ते तसंच राहणार, दार ही फ्रीजमधली सगळ्यात उबदार जागा. तिथे आता लोणचं, सॉस आणि नवऱ्याच्या सोड्याच्या बाटल्या. दूध आणि दुधाचं सगळं आत, मागे.

एवढ्यावर रिव्ह्यू संपला असता, पण खरी मजा पुढे आहे. फ्रीज नीट झाला तरी रात्रभर ओट्यावर ठेवण्याचा प्रश्न राहिलाच ना. भाची केक करते, तिच्याकडे स्टीलच्या दांडीचा, पदार्थात खुपसायचा थर्मामीटर आहे, तो आणला (आमच्या काळ्या डबीचा सेन्सर थेट खाण्यात बुडवू नका, तो खाण्याच्या पदार्थासाठी आहे असं कुठेही लिहिलेलं नाही). तीन लिटरची बासुंदी केली, निम्मी पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवली, निम्मी दोन पसरट लंगड्यांमध्ये ओतली. पातेल्यातली दोन तासांनी ५३. चार तासांनी ४१! अंगाच्या तापापेक्षाही गरम. म्हणजे माझी ती आठ लिटरवाली रात्रभर काय अवस्थेत असेल याची कल्पना करा, सकाळी सातला कोमट लागत होती ती उगाच नाही.

लंगड्या मी परातीत पाणी घालून त्यात ठेवल्या. ही आयडिया माझी नाही, सासूबाईंची. त्या म्हणाल्या, आमच्याकडे सांगलीला बासुंदी उतरवली की पितळी परातीत पाणी घालून त्यात पातेलं ठेवायचे आणि पाणी तापलं की बदलायचे, फ्रीज होता कुठे तेव्हा, आणि बासुंदी सकाळीच करून दुपारी संपवायची, आदल्या रात्री करायचं खूळ तुमच्या फ्रीजने आणलंय. यावर मला काही बोलता आलं नाही. दोनदा पाणी बदललं, तिसऱ्यांदा पाण्यात बर्फाचे दोन ट्रे रिकामे केले, मधूनमधून ढवळत राहिले, म्हणजे सायही धरत नाही. चाळीस मिनिटांत १६ वर आली आणि मग सरळ फ्रीजमध्ये. हॉटेलवाल्यांसाठी जो हिशोब सांगतात तो असा, ६० वरून २१ पर्यंत दोन तासांच्या आत आणि तिथून ५ पर्यंत पुढच्या चार तासांत. घरी परात आणि बर्फ असेल तर तुम्ही हे आरामात करू शकता, पातेलं झाकून ओट्यावर ठेवलं तर कधीच नाही. आणि हो, कोमट पदार्थ फ्रीजमध्ये ठेवला तर फ्रीज बिघडत नाही, फक्त वाफाळतं मोठं पातेलं एकदम ढकललं तर आजूबाजूच्या वस्तू तापतात, म्हणून आधी परात.

सीताफळ बासुंदी करणाऱ्यांसाठी जाता जाता, गर बासुंदी पूर्ण थंड झाल्यावरच घाला, गरम झालेलं सीताफळ कडू होतं. मी एकदा दोन किलो सासवडच्या सीताफळांचा काढा करून बसलेय.

वाढण्याचं म्हणाल तर आमच्याकडे पंगतीत आग्रह असतो, आणि आग्रहाने वेळ जातो. बासुंदीचं मोठं भांडं बाहेर येतं, पहिली पंगत, दुसरी पंगत, मग बायकांची (हो अजूनही, काय बोलणार), मग उरलेली चार वाजता परत फ्रीजमध्ये. सर्वसाधारण नियम असा आहे की असला पदार्थ फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त नाही, आणि हवा ३२ डिग्रीच्या वर असेल तर एकच तास. एप्रिल-मेमध्ये पुणे काय, नागपूर काय, बत्तीस म्हणजे पहाट. आणि हे तास बेरजेने मोजायचे, अर्धा तास बाहेर, परत आत, परत पाऊण तास बाहेर, असं केलं की घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. म्हणून आता मी एक मोठं भांडं ठेवतच नाही. लिटर-लिटरच्या डब्यांत भरते, एक डबा बाहेर, तो संपला की दुसरा. बाहेरचा डबा बर्फ घातलेल्या परातीत. डाव वेगळा, आणि कुणाच्या वाटीतलं उरलेलं परत डब्यात ओतायचं नाही, हे सासूबाईंचं जुनंच फर्मान आहे, उष्टं म्हणून, पण कारण काही का असेना, निकाल बरोबर.

परातीतला बर्फ घरचाच घ्या हं. कार्यक्रमाला लादी आणायची असेल तर लक्षात ठेवा, महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळा रंग देण्याचा नियम आलाय. निळा बर्फ बाहेरून डबा गार करायला चालेल, पण त्याचं पाणी उडून बासुंदीत जाता कामा नये आणि पोरांनी तोंडात टाकता कामा नये. पोरं टाकतातच. म्हणून मी आणत नाही.

बर्फात मीठ घालू का, असं भाचीने विचारलं, पॉट आइसक्रीमला घालतो तसं. मीठ घातलं की बर्फ-मिठाचं मिश्रण शून्याच्या बरंच खाली जातं, उणे वीसच्या आसपास जाऊ शकतं, त्यावर तर कुल्फी गोठते. बासुंदीच्या डब्याला ते जास्त होतं, कडेने गोठून खडे होतात, आम्ही करून बघितलंय. साधा बर्फ पुरतो.

श्रीखंडाचं गणित वेगळं आहे आणि इथे माझ्या सगळ्या नव्या ज्ञानावर सासूबाईंनी पाणी ओतलं. मी पाडव्याला श्रीखंडाचा डबाही बर्फाच्या परातीत ठेवला तेव्हा त्या म्हणाल्या, अगं श्रीखंडाला एवढं काही होत नाही, आम्ही आठ-आठ दिवस खायचो. आणि त्यात तथ्य आहे. चक्का आंबट असतो, त्यात साखर जवळजवळ बरोबरीने, पाणी टांगून काढून टाकलेलं, आंबटपणा आणि साखर दोन्ही जंतूंना वाढू देत नाहीत. बासुंदी, रबडी, रसमलाई, खरवस हे गोड पण आंबट नाहीत आणि पाणीदार, त्यामुळे ते नाजूक. म्हणून फ्रीजमध्ये जागा कमी असेल तर मागची थंड जागा रसमलाईला द्या आणि श्रीखंडाला पुढे बसवा. बाहेर ठेवा असं म्हणत नाहीये! श्रीखंडाला दुसरा आजार होतो, यीस्ट आणि बुरशी. खरकटा किंवा ओला चमचा घातला की चार दिवसांत बुडबुडे, झाकण फुगलेलं, चवीला जरा दारूसारखी झाक. हे मात्र नाकाला कळतं. तेव्हा सुप्रीम कोर्ट पूर्ण बरखास्त केलेलं नाही, त्याचं कार्यक्षेत्र श्रीखंडापुरतं आणि पिशवीच्या दुधापुरतं ठेवलंय. आणि बुरशी दिसली तर वरचा थर काढून खालचं खायचं नाही, मऊ पदार्थात ती डोळ्याला दिसते त्यापेक्षा खोल गेलेली असते. सासऱ्यांना हे पटत नाही. त्यांचं डोकं मी खाल्लंय.

विकतची मिठाई आणताना एक गोष्ट बघायची सवय लावून घ्या. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवरसुद्धा किती तारखेपर्यंत खायची ते लिहायचा नियम आहे. काही दुकानात कोपऱ्यात छोटंसं कार्ड असतं, काही ठिकाणी नसतं, नसेल तर सरळ विचारा. कलाकंद त्याच दिवशी, रसमलाई-रसगुल्ला-रबडी दोन दिवस, पेढे-बर्फी चार दिवस, बेसनाचा लाडू महिनाभर, असा साधारण हिशोब एफएसएसएआयच्याच यादीत आहे. तो हिशोब दुकानाच्या काउंटरपासून नाही, बनवल्यापासून, आणि त्यात तुमचा सिग्नलवरचा पाऊण तासही आला. मी एकदा एका दुकानातून, नाव नको, रसमलाई घेतली, डबा हातात घेतला तर कोमट! विचारलं तर म्हणे आत्ताच बाहेर काढलीय. आत्ताच बाहेर काढलेली कोमट कशी असेल बाबा? परत दिली. तेव्हा थर्मामीटर पर्समध्ये नव्हता, नाहीतर तिथेच खुपसला असता आणि तिथून कायमची बदनाम होऊन आले असते.

सांगलीहून येताना वाडीची बासुंदी आणायची असते, ती तर परंपराच. पाच तासांचा रस्ता, वर खंबाटकी घाटात अडकलात की सहा. पूर्वी कापडी पिशवीत, पायाशी. आता पिकनिकचा आइसबॉक्स, तळाला आणि वर गोठवलेले जेल पॅक, आणि दुकानातून डबा आधी गार करून घ्यायचा, कोमट भरलेला घ्यायचाच नाही, कारण आइसबॉक्स थंड ठेवतो, थंड करत नाही. काळ्या डबीची वायर झाकणातून आत सोडली आणि स्क्रीन बाहेर चिकटवली, हा तिचा सगळ्यात भारी उपयोग निघाला. घरी पोचलो तेव्हा ६.१. अगदी पाच नाही, पण तळहातावर घेऊन बसण्यापेक्षा लाख पटीने बरं. नवरा दर अर्ध्या तासाला आकडा जाहीर करत होता, क्रिकेटच्या स्कोअरसारखा.

आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते. एकदा सकाळी दहा ते दोन गेली, दार अजिबात उघडलं नाही, ४.५ वरून ८.१ ला आला. साधारण चार तास बंद फ्रीज सांभाळून घेतो असं म्हणतात ते बरोबरच दिसलं, त्यापुढे दूध-बासुंदीचा भरवसा नाही. बाहेरगावी जाणार असाल तर फ्रीजरमध्ये एका वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवून जा. आल्यावर नाणं बर्फाच्या वरच असेल तर ठीक, तळाला गेलं असेल तर मधे सगळं वितळून परत गोठलंय, आइसक्रीमचा मोह सोडा. आइसक्रीम वितळून परत गोठलेलं तसंही खाण्यात मजा नसते, बर्फाचे कचकचीत खडे होतात.

घरात गरोदर बाई, म्हातारी माणसं किंवा अगदी लहान मूल असेल तर सगळं अजून एक इयत्ता कडक धरा. लिस्टेरिया म्हणून एक जंतू आहे तो फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो, त्यामुळे फ्रीजमध्ये आहे म्हणून पाचव्या दिवशीची रबडी द्यायची नाही.

आता या डबीचे दोष. वायर. दाराच्या रबरातून वायर बाहेर काढावी लागते आणि तिथे बारीकशी फट राहते, म्हणजे रबर बदलायला साडेआठशे घालवले आणि मग त्यातच फट पाडली! मी वायर बिजागरीच्या बाजूने काढलीय, तिथे कमी जाणवतं, तरी पावसाळ्यात त्या जागी पाणी सुटतं. बिनवायरीचे येतात, ब्लूटूथचे वगैरे, पण ते महाग आणि मला अजून एक ॲप नकोय. स्क्रीनला लाइट नाही, रात्री बघायला मोबाइलचा टॉर्च. मागचा चिकटपट्टीचा तुकडा दोन आठवड्यांत सुटला, दुसरी डबल टेप लावली. बटन सेल सात महिने टिकले आणि संपताना इमानदारीने बंद पडायच्या ऐवजी आठवडाभर आकडा पुसट दाखवत राहिले, ८ आहे की ६ आहे ते कळेना, मी उगाच घाबरून फ्रीज रिकामा केला. सेल शिल्लक आणून ठेवा, आणि लहान मुलं असतील तर झाकण टेपने बंद करा, बटन सेल गिळणं फार धोक्याचं असतं. अलार्म नाही. जास्तीत जास्त कितीवर गेला होता हे लक्षात ठेवत नाही, ते फीचर हवं असेल तर चार-पाचशेवाला घ्यावा लागेल. मी पुन्हा घेतला तर तोच घेईन, कारण रात्री आपण झोपल्यावर फ्रीज काय करतो हे कळायला तेच उपयोगी.

पाचापैकी चार स्टार. कापलेला एक वायरचा.

सासूबाई रोज सकाळी चहाआधी आकडा बघतात, चष्मा लावून. पाचच्या वर दिसला की मला हाक मारतात, "अगं, फ्रीजला ताप आलाय." दूध मात्र अजूनही हुंगूनच तापवतात. परवा त्यांनी हळूच विचारलं की तुझी ती डबी परत मागवता येते का, जाऊबाईंच्या घरी दूध फार नासतं. दोन मागवल्यात, एक स्पेअर.

बाकी कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, उत्तर रात्री देईन. पाडवा तोंडावर आलाय आणि दही लावून झालंय, चक्का यंदा खिडकीच्या गजाला टांगणार नाहीये, बाहेर ३८ आहे. चाळणीत पंचा, पंच्यात दही, खाली पातेलं, वर वरवंटा, आणि हे सगळं लटांबर फ्रीजच्या मधल्या कप्प्यात. आत्ता ५.२ दाखवतोय, वरवंटा गरम होता बहुतेक.